ई-बस आपल्या डेपोत आली तर? गाडी कोणाची, चार्ज किती पुरतो, फेरी बुडाली तर जबाबदार कोण – वाचा सविस्तर

पारनेर प्रतिनिधी :

1 जून 1948 ला राज्यातली पहिली एसटी धावली ती पुणे ते अहमदनगर. त्यानंतर बरोबर 74 वर्षांनी, 1 जून 2022 ला, त्याच रस्त्यावर एसटीची पहिली इलेक्ट्रिक बस 'शिवाई' धावली. म्हणजे पहिल्या गाडीचा मान आपल्या जिल्ह्याला होता तसा विजेच्या गाडीचाही मिळाला. तेव्हापासून तालुक्याच्या स्टँडवर एकच विचारणा असते, आपल्याकडं ही गाडी कधी येणार?

याबद्दल दोन बाजूंनी बोललं जातं. ज्यांनी पुण्याला जाताना शिवाईतून प्रवास केला ते म्हणतात, धूर नाही, खडखडाट नाही, एसी गार, गाडी एक नंबर. दुसरे म्हणतात, बॅटरी उतरली की रस्त्यात उभी, मग ढकलायला कोण येणार? दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. पण गाडी वेळेवर येणार की नाही हे फक्त बॅटरीवर ठरत नाही. ते ठरतं महामंडळ आणि कंपनी यांच्यातल्या करारावर. त्यामुळं आधी करार समजून घेऊ, मग बॅटरीकडं येऊ.

गाडीवर नाव एसटीचं, मालक दुसराच

आपली लालपरी महामंडळाच्या मालकीची असते. डिझेल महामंडळाचं, ड्रायव्हर-कंडक्टर महामंडळाचे, दुरुस्ती डेपोच्या वर्कशॉपमध्ये. ई-बसचं तसं नाही. बहुतेक ई-बस भाडेतत्त्वावर घेतलेल्या असतात. गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, देखभाल कंपनीची. कंडक्टर तेवढा एसटीचा. तिकिटाचे पैसे महामंडळाकडं जमा होतात आणि महामंडळ कंपनीला दर किलोमीटरला ठरलेला दर देतं. गाडीत पाच माणसं बसली काय अन् पन्नास बसली काय, कंपनीचा दर तोच.

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. आपण ऊस तोडायला हार्वेस्टर लावतो तेव्हा मशिन त्याचं, ऑपरेटर त्याचा, आपण पैसे टनावर देतो. उसाला भाव मिळाला की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फरक एवढाच की हार्वेस्टरचा व्यवहार एका हंगामाचा असतो आणि ई-बसचा करार 10-12 वर्षांचा. शिवाय अशा करारात कमीत कमी किलोमीटरची हमी असते. तेवढी गाडी महामंडळाने चालवली नाही तरी न चाललेल्या किलोमीटरचे काही पैसे द्यावेच लागतात. उलट कंपनीने फेरी बुडवली, गाडी बंद पडली, एसी चालला नाही तर दंड कापायची तरतूद असते. दंडाचं कलम कागदावर असणं आणि तो खरोखर कापला जाणं, यात मात्र बरंच अंतर असतं.

मग भाड्यानं का घ्यायची, सरळ विकत का नाही? कारण किंमत. सप्टेंबर 2024 मध्ये एसटीने अशोक लेलँडला 2104 डिझेल बसची ऑर्डर दिली, ती 981.45 कोटींची. भागाकार केला की एक गाडी साधारण 46-47 लाखांना पडते. ई-बसच्या मोठ्या ऑर्डरचा आकडा पुरवठादार कंपनीने सांगितला तो 5150 गाड्यांसाठी सुमारे 10,000 कोटी. म्हणजे एक गाडी दोन कोटींच्या आसपास. चौपट. एवढा पैसा एकदम काढणं कोणत्याच परिवहन महामंडळाला जमत नाही, म्हणून पैसा कंपनीने घालायचा आणि तो 12 वर्षांत किलोमीटरवारी फेडायचा, अशी ही रीत आहे.

5150 गाड्यांचं काय झालं?

जुलै 2023 मध्ये एसटीने 5150 ई-बसचं इरादापत्र एव्ही ट्रान्स या कंपनीला दिलं. गाड्या बनवणार ऑलेक्ट्रा ग्रीनटेक. मुदत 24 महिने. म्हणजे दर महिन्याला सरासरी 215 गाड्या यायला पाहिजे होत्या. फेब्रुवारी 2024 मध्ये ठाण्यात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते पहिल्या गाड्यांचा कार्यक्रम झाला, बोरिवली-ठाणे-नाशिक मार्गावर त्या सुरू झाल्या.

पुढं वेग राहिला नाही. मे 2025 उजाडला तेव्हा मिळालेल्या गाड्या होत्या सुमारे 220. एका महिन्यात यायचा माल पावणेदोन वर्षांत आला. सुधारित वेळापत्रकाप्रमाणे मेपर्यंत 1000 गाड्या देणं अपेक्षित होतं, तेही झालं नाही. शेवटी परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी ही निविदा रद्द करण्याचे निर्देश दिले. बातम्यांत 'करार रद्द' अशी हेडिंग आली. मंत्र्यांनी निर्देश देणं वेगळं आणि एवढा मोठा करार कायद्याने मोडणं वेगळं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मोडायचं म्हटलं की नोटिसा, खुलासे, नुकसानभरपाई, कोर्ट, सगळं मागं येतं.

यात महामंडळाची दुसरी अडचण आहे. गाडी उशिरा आली तर तोटा, आणि वेळेवर आली तरीही तोटा! 2025 च्या सुरुवातीला मंत्र्यांनीच सांगितलं होतं की या ई-बसमागे लांबीप्रमाणे किलोमीटरला 12 ते 16 रुपये तूट येते, आणि ती भरून काढायला राज्य सरकारने 3191 कोटी द्यावेत. तिकिटातून येणारा पैसा कंपनीच्या दराला पुरत नाही, असा त्याचा अर्थ. मला विचाराल तर हा हिशोब सही करण्याआधी मांडायचा असतो, नंतर नाही.

भाड्याच्या गाड्यांवरून वाद झालेली ही एकच निविदा नाही. 1310 बस भाड्यानं घेण्याच्या प्रस्तावात एसटीचं मोठं नुकसान होईल असं दिसल्यावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जानेवारी 2025 च्या सुमारास त्याला स्थगिती दिली. त्या गाड्या वेगळ्या होत्या, पण प्रश्न तोच होता. गाडी दुसऱ्याची, दर त्याचा, जोखीम आपली.

मुंबईकडं बघा, कारण तिथं हे आधी घडलं

आपल्याकडं जे येतंय ते मुंबईत बेस्टने आधी भोगलं आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये बेस्टने 1400 एसी ई-बसची निविदा काढली, नंतर ती संख्या 2100 झाली. निविदेत अट होती की एका चार्जवर, प्रत्यक्ष रस्त्यावर, एसी लावून, मध्ये न थांबता गाडी 200 किलोमीटर गेली पाहिजे. टाटा मोटर्सने मध्ये थोडा वेळ चार्जिंग करण्याची सवलत धरून बोली लावली, ती बाद झाली. काम एव्ही ट्रान्सला गेलं. टाटा कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये टाटाची बोली बाद करणं बरोबर ठरवलं, पण एव्हीला दिलेलं कामही रद्द केलं. पुढं सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2023 ला बेस्टचा निर्णय कायम केला. या सगळ्यात वर्ष गेलं आणि प्रवासी स्टॉपवर उभाच राहिला.

हा खटला आपल्या कामाचा यासाठी की भांडण एका साध्या वाक्यावरून झालं, एका चार्जवर किती किलोमीटर. ते वाक्य निविदेत पक्कं नसेल तर कंपनी म्हणते ते खरं.

डबल डेकरची गोष्ट याहून वाईट. बेस्टने 900 एसी इलेक्ट्रिक डबल डेकर घ्यायचं ठरवलं. 200 स्विच मोबिलिटीकडून, 700 कॉसिसकडून. फेब्रुवारी 2023 मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली, फोटो सगळ्यांनी पाहिले. स्विचकडून पन्नासच्या आसपास गाड्या आल्या. कॉसिसच्या 700 पैकी एकही आली नाही आणि तो करार रद्द करावा लागला.

आणि या काळात बेस्टच्या स्वतःच्या गाड्या भंगारात निघत राहिल्या. 2019 मध्ये कामगार संघटनेबरोबर करार झाला होता की बेस्टने स्वतःच्या मालकीच्या 3337 बस ठेवायच्या. तो आकडा घसरून काही शेकड्यांवर आला. जुनी गाडी काढली, नवी ठरल्या दिवशी आली नाही, मधली पोकळी भरायला दुसरं काही नाही. मुंबईत लोकल आहे, रिक्षा आहे, टॅक्सी आहे. कान्हूर पठार किंवा राजूरच्या पुढच्या वाडीला संध्याकाळी सहानंतर काय आहे?

एका चार्जवर किती जाते?

आता बॅटरी. शिवाईच्या बॅटरीची क्षमता सुमारे 320 युनिट आणि एका चार्जवर 250 किलोमीटर असं सांगितलं गेलं. मोठी बस किलोमीटरला साधारण 1 ते 1.3 युनिट खाते, त्यामुळं हा आकडा काही थाप नाही. पण मोटारसायकलचं ॲव्हरेज कंपनी सांगते एक आणि आपल्याला पडतं दुसरं, तसंच इथं.

उन्हाळ्यात एसी सतत चालतो, तो वीज ओढतो. बॅटरीलाही स्वतःला थंड ठेवावं लागतं. गाडीत 43 सीट असतील आणि बाजारच्या दिवशी सत्तर माणसं चढली तर वजनामुळं खप वाढतो. चढ लागला की वाढतो. उताराला मात्र या गाडीचा एक फायदा आहे. ब्रेक मारला की मोटर उलटी काम करून थोडी वीज परत बॅटरीत भरते. म्हणून सारखं थांबत जाणाऱ्या शहरी बसला ही गाडी चांगली मानवते. दर 300 मीटरवर सिग्नल, वेग कमी, पल्ला छोटा. हायवेला एकसारख्या वेगानं पळताना ती परतफेड कमी मिळते.

शिवाय बॅटरी वर्षागणिक थकते. मोबाईलची थकते तशीच, फक्त हळू. पहिल्या वर्षी 250 जाणारी गाडी आठव्या वर्षी 200 वर आली तर नवल नाही. एसटीची एक गाडी दिवसाला साधारण 300 किलोमीटर मारते. म्हणजे दुपारी कुठंतरी मध्ये चार्जिंग धरावंच लागतं. पुणे-नगर मार्गावर दोन्ही टोकांना चार्जर ठेवता येतो. पण तालुक्यावरून निघून तीन वाड्या करून खेड्यात मुक्काम करणाऱ्या गाडीला? तिथं रात्री चार्जर कुठून आणणार? मुक्कामी गाडी सगळ्यात शेवटी बदलावी असं माझं स्पष्ट मत आहे.

रस्त्याचाही विचार पाहिजे. शहरात चालणाऱ्या बऱ्याच ई-बसचा फ्लोअर खाली असतो, म्हाताऱ्या माणसाला चढायला सोपा. तीच गाडी आपल्या गतिरोधकावर आणि ओढ्याच्या फरशीवर घासणार. ग्रामीण फेऱ्यांसाठी उंच फ्लोअरची गाडीच लागेल.

डेपोत वीज आहे का, हे आधी विचारा

लोक गाडीचं विचारतात, ट्रान्सफॉर्मरचं कोणी विचारत नाही. एक सोपा हिशोब करू. समजा डेपोत 20 ई-बस आहेत आणि रात्री सहा तासांत प्रत्येकीत 200 युनिट भरायचे आहेत. एकूण 4000 युनिट. तासाला पावणेसातशे युनिटच्या आसपास, म्हणजे सुमारे 670 किलोवॉटचा लोड. आपल्या शिवारात 100 केव्हीएची डीपी असते, तशा सात-आठ डीपी एका डेपोला, एकाच वेळी, पूर्ण लोडवर. अशी जोडणी एका अर्जावर मिळत नाही. उच्चदाबाची वेगळी लाईन, सबस्टेशनमध्ये जागा, केबल, चार्जर, सगळं उभं करायला महिने लागतात.

केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत हेच दिसलं. ऑगस्ट 2023 मध्ये 10,000 बसची ही योजना जाहीर झाली, केंद्राचा वाटा 20,000 कोटी. नाशिक, सोलापूर, कोल्हापूर या शहरांची नावं तीत आहेत. अनेक शहरांत गाडीआधी डेपो आणि वीज जोडणी यातच वेळ गेला. त्यामुळं 'आपल्या डेपोला ई-बस मंजूर' असा बोर्ड लागला तर आधी डेपोच्या मागं जाऊन पाहा. नवा ट्रान्सफॉर्मर बसला नसेल तर बस लगेच येत नाही.

वीज मिळाली की फायदा मोठा आहे, हेही सांगितलं पाहिजे. किलोमीटरला 1.2 युनिट आणि युनिटला 8 रुपये धरले तर खर्च दहा रुपयांच्या आत. डिझेलची गाडी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाते, 90 रुपये लिटरने तो खर्च 18 ते 20 रुपये. जवळपास निम्मा. पण गाडी चौपट महाग, त्यामुळं ती रोज भरपूर चालली तरच हा फायदा हाती लागतो. चार्जरअभावी उभी राहिलेली ई-बस ही उभ्या लालपरीपेक्षा जास्त महागात पडते.

ड्रायव्हर आणि थकलेले पगार

9 डिसेंबर 2024 च्या रात्री मुंबईत कुर्ल्याला बेस्टची भाडेतत्त्वावरची ई-बस गर्दीत घुसली. अनेकांचे जीव गेले. तपासणीत गाडीत बिघाड आढळला नाही. चालकाला स्वयंचलित मोठी बस चालवायचा सराव आणि ट्रेनिंग पुरेसं होतं का, हा प्रश्न पुढं आला. ई-बसला क्लच नाही, गिअर नाही. पाय ठेवला की ती लगेच ओढते, डिझेलसारखी आवाज करून इशारा देत नाही. वीस वर्षं लालपरी हाकलेल्या माणसालाही ही सवय नव्यानं करावी लागते. कंपनीचा ड्रायव्हर किती दिवस शिकला हे विचारायचा हक्क प्रवाशाला आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. महामंडळाने कंपनीचं बिल थकवलं की कंपनी ड्रायव्हरचा पगार थकवते आणि ड्रायव्हर संप करतात. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत भाड्याच्या बसवरचे चालक संपावर गेले आणि कित्येक मार्ग कोलमडले. कंपन्यांचंही म्हणणं पूर्ण खोटं नाही. महामंडळ पैसे वेळेवर देईल याची खात्री नसेल तर बँक त्यांना कर्ज देताना हात आखडता घेते आणि मग गाड्या रखडतात. यावर केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये 3435 कोटींची योजना मंजूर केली. महामंडळाने बिल दिलं नाही तर या निधीतून कंपनीला द्यायचं आणि नंतर राज्याकडून वसूल करायचं, अशी ती आहे. 38 हजारांहून जास्त ई-बससाठी ती लागू होईल असं सरकारने म्हटलं आहे. कंपनीचा पैसा त्यामुळं सुरक्षित झाला. प्रवाशाच्या फेरीला अशी कोणतीच हमी नाही.

आपण काय विचारायचं

महिलांना अर्धं तिकीट, 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास, शाळेच्या मुलींचे पास, या सवलतींवर आपल्याकडची निम्मी गाडी भरते. म्हणून डेपोत ई-बस येणार असं कळलं की पहिला प्रश्न हा ठेवा की कोणत्या पासवर आणि कोणत्या सवलतीवर या गाडीत बसता येईल. एसी गाडीचं तिकीट साध्या गाडीपेक्षा जास्त असतं. साधी गाडी काढून तिच्या जागी एसी गाडी दिली, तर शाळकरी पोराच्या पासचं काय, हे लेखी घ्या.

दुसरं, ई-बस आल्यावर डेपोतल्या किती लालपरी दुसरीकडं हलवणार? नवी गाडी पुण्याच्या मार्गावर जाते आणि तिच्या बदल्यात खेड्याची जुनी गाडी निघून जाते, असं व्हायला नको. सकाळची शाळेची आणि संध्याकाळची परतीची फेरी कोणत्या गाडीवर आहे आणि ती बंद पडली तर बदली गाडी कोणाची, कंपनीची की डेपोची, हेही विचारून ठेवा. ग्रामसभेत फेऱ्यांचा ठराव घेऊन तो आगार व्यवस्थापकांना दिला तर निदान पोच तरी मिळते.

फेरी बुडाली की स्टँडवरच्या तक्रार पुस्तकात तारीख, वेळ आणि गाडी नंबर लिहा. कंपनीचा दंड कापायचा तर महामंडळाला नोंद लागते, नुसती व्हॉट्सॲप ग्रुपवरची बोंब चालत नाही. महामंडळाचा 'प्रवासी राजा दिन' डेपोत होतो तेव्हा अधिकारी समोर असतात, तिथं या नोंदी घेऊन जा.

आणि उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्ज विभाग नियंत्रक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो, म्हणून नेमकं मागा: अमुक महिन्यात आमच्या मार्गावर ठरलेल्या फेऱ्या किती, रद्द किती, रद्द होण्याचं कारण काय आणि त्यापोटी कंपनीकडून किती दंड कापला. 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडं पहिलं अपील करता येतं.